खर्जाचे सुख

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याचे स्वतःचे वय त्या वेळी फार तर पंचवीस असावे. साठी गाठलेल्या माणसाने ती केली असती, तर तिचा रोख नक्कीच निराळा झाला असता. निवृत्त झालेला मनुष्य घरी येतो, गळ्यातला हार खुंटीला लागतो, शाल कपाटात जाते, श्रीफळ चटणीच्या कामी येते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनवाच्या ठोक्याला त्याच्या ध्यानात येते की, आज आपली कोणालाच घाई नाही. मग कोणी बागेच्या मागे लागतो, कोणी देवळाच्या हिशेबाच्या, तर कोणी सुनेच्या स्वयंपाकाच्या. यांपैकी शेवटचा छंद सर्वांत धोक्याचा, हे अनुभवी वाचकांस सांगावयास नको.

या सगळ्या छंदांत एक छंद असा आहे की, त्याच्याकडे आपल्या मध्यमवर्गीय घरांत अजूनही थोड्या संशयानेच पाहिले जाते. तो म्हणजे उतारवयात वाद्य हाती घेणे. नातवाला पेटीच्या वर्गाला घातले की शेजारीपाजारी कौतुक होते. आजोबांनी वर्गाचे नाव काढले की घरातली मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. ‘या वयात?’ हा प्रश्न कोणी विचारीत नाही, पण तो भिंतीवरच्या घड्याळासारखा सतत टिकटिकत राहतो. त्यातून ते वाद्य सतार-पेटी नसून बेस गिटार असेल, आणि एकावर न भागता दुसरी, तिसरीही घरात येऊ लागली, तर मग विचारूच नका.

आज मला याच छंदाची वकिली करावयाची आहे. मी स्वतः अजून चाळिशीत आहे. म्हणजे या खटल्यात माझा थेट स्वार्थ नाही, फार तर भविष्यातला आहे. माझे म्हणणे एवढेच की, तारुण्य हे तार सप्तकाचे वय असेल, तर उतारवय हे खर्जाचे वय आहे. आणि ज्याला खर्जाची गोडी लागली त्याला ‘आता घरात आपले स्थान कोणते?’ हा निवृत्तीनंतरचा सर्वांत बोचरा प्रश्न फारसा छळत नाही.

खर्ज म्हणजे काय?

मराठीच्या मास्तराला शब्दापासून सुरुवात करू द्यावी. ‘खर्ज’ हा ‘षड्ज’ याच शब्दाचा तद्भव अवतार. संस्कृतातला ‘ष’ लोकभाषेत येताना पुष्कळदा ‘ख’ होतो. ‘वर्षा’ची ‘बरखा’ झाली, ‘भाषा’ची ‘भाखा’ झाली, तसाच षड्जाचा खरज आणि खरजाचा खर्ज. ज्याच्यापासून बाकीचे सहा स्वर जन्मतात तो षड्ज, अशी त्याची एक व्युत्पत्ती देतात. म्हणजे हा घरातला वडील. तो जागेवर असला म्हणजे रिषभ-गंधारांनी हवे तेथे हिंडावे. त्यांना परत यायला घर आहे.

तंबोरा आपण सर्वांनी पाहिला आहे, पण त्याच्याकडे फार थोड्यांनी लक्ष दिले आहे. त्याच्या चार तारांतली पहिली पंचमाची किंवा मध्यमाची, मधल्या दोन जोडाच्या षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. पहिल्या तीन बहुधा पोलादी. खर्जाची तेवढी पितळेची आणि जाड. गवयाच्या मागे बसून ही तार छेडणाऱ्या शिष्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेत छापून येतेच असे नाही. पण ती तार उतरली तर पुढे बसलेल्या बुवांची सगळी कीर्ती तिच्यामागोमाग उतरेल.

आपल्या वारकरी मंडळींनी तर हे मर्म शास्त्र न सांगताच ओळखले आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवीत नाहीत. पहारा बदलतो, एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, रात्री दोनलाही कोणी तरी ती घेऊन उभा असतो. कीर्तनकार येतात आणि जातात, टाळकरी दमतात, मृदंग थांबतो. वीणा थांबत नाही. वीणेकरी बहुधा वयस्क असतो. त्याच्याकडून कोणी तानेची अपेक्षा करीत नाही. परंतु मंडपात शिरणारा मनुष्य आधी वीणेकऱ्याच्या पाया पडतो. आमच्या वऱ्हाडात, शेगाव येथून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांना हे दृश्य नवे नाही. ज्याच्या वाद्यातून एकच स्वर निघतो त्याला पहिला नमस्कार, हा न्याय मला फार मोठा वाटतो.

रेडिओवाल्याचे वाद्य

खर्जाचा हाच धर्म पाश्चात्त्यांच्या वाद्यवृंदात डबल बेस नावाचे अजस्र वाद्य सांभाळीत आले. व्हायोलिनचे हे थोरले भावंड माणसाहून उंच. ते वाजवायचे उभ्याने आणि वाहून न्यायचे हमालाने. पुढे नाचगाण्यांचे बँड कर्कश होत गेले तसा त्या बिचाऱ्याचा आवाज त्यांत बुडू लागला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा एक गृहस्थ होता. त्याचा मूळ धंदा रेडिओ-दुरुस्तीचा. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती; कदाचित म्हणूनच वाजविणाऱ्यांच्या अडचणी तो शांतपणे ऐकू शकला असेल. १९५१ साली त्याने चार तारांची, गळ्यात अडकविण्याजोगी विजेची बेस गिटार बाजारात आणली. दांडीवर पडदे असल्यामुळे स्वर नेमका लागे, म्हणून तिचे नाव त्याने ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक, असे ठेवले.

तिच्या चार तारांचे हिशेब मोठे मजेदार आहेत. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते, दुसरी ५५ वेळा, तिसरी ७३ आणि चौथी ९८. आता काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार पाहा. तिचा हिशेब येतो साधारण ६९. म्हणजे आपल्या देवघराशेजारचा तंबोरा आणि कॅलिफोर्नियाच्या कारखान्यातली गिटार, दोन्हींचा मुक्काम एकाच गल्लीत! नातवाची गिटार ‘विलायती थेर’ म्हणून नाक मुरडणाऱ्या आजोबांनी हा आकडा जरूर पाठ करावा.

आणि हा आवाज आपल्याला परकाही नाही. १९५७ साली विविध भारती सुरू झाल्यापासून जी पिढी चित्रपटगीतांवर वाढली, तिच्या कानांवर तो हजारो वेळा पडून गेला आहे. मुंबईच्या ध्वनिमुद्रणालयांत खर्जाची बाजू सांभाळणारे पुष्कळ वादक गोव्याकडचे. चर्चच्या आवारातल्या गावशाळेत लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकलेली ही मंडळी आधी डबल बेस आणि पुढे बेस गिटार घेऊन बसू लागली. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ हे बेस गिटार वाजवीत. गाणे गुणगुणताना आपण लताबाईंची किंवा किशोरकुमारांची ओळ गुणगुणतो. पण पाऊल ठेका धरते ते या खालच्या ओळीवर. ज्यांच्या स्वरावर आपले पाय हलले, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. वीणेकऱ्याला मिळणारा नमस्कार त्यांच्या वाट्याला आला नाही.

येथे एक शास्त्रीय चमत्कार सांगतो. त्या काळच्या हातभर रेडिओचा कर्णा इतका लहान असे की, इतका खोल स्वर त्यातून नीट बाहेरच पडत नसे. तरीही आपण तो ऐकला! कारण प्रत्येक स्वराबरोबर त्याचे वरचे सहस्वर निघतात. ते सहस्वर कानी पडले की मूळ खालचा स्वर आपला मेंदू स्वतःच भरून काढतो. पाया दिसत नसला तरी इमारत उभी आहे, त्या अर्थी पाया असलाच पाहिजे, असा हा कानाचा तर्क.

कानाचे म्हातारपण

उतारवयाचा आणि खर्जाचा संबंध केवळ काव्यात्म नाही. वय वाढते तसे कानाच्या आतल्या सूक्ष्म पेशी झिजतात, आणि त्यांतही आधी झिजतात त्या उंच स्वर टिपणाऱ्या. म्हणून म्हाताऱ्या माणसाला चिमणीचा चिवचिवाट प्रथम सोडून जातो, मग दाराच्या घंटीची किणकिण. बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ हे वर्ण उंच कंपनांचे. ते निसटले की नुसते स्वर उरतात. ‘मला ऐकू येते रे, पण समजत नाही,’ ही जी तक्रार घरोघरी आजी करतात आणि घरोघरी नातवंडे जिच्यावर हसतात, ती अक्षरशः खरी असते. खालचे स्वर मात्र बहुधा शेवटपर्यंत सोबत करतात. तारुण्यातले मित्र एकेक करून पांगावेत आणि शाळेतला एक अबोल सोबती तेवढा उरावा, तसा खर्ज उरतो.

शिवाय खर्ज नुसत्या कानाने ऐकायचा नसतोच. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराच्या कावडी आमच्या जुन्या शहरात शिरतात, त्या वेळी ढोल आधी छातीत वाजतो आणि मग कानात. घराच्या भिंती, दाराची कडी, ताटावरची वाटी, सगळे त्याला साथ देऊ लागते. उंच स्वर हवेतून येतो. खालचा स्वर जमिनीतून, लाकडातून, हाडांतून येतो.

गल्लीतले काका

मोर्णेच्या अलीकडे, असदगडाच्या पडक्या तटाच्या परिसरात अजून काही जुनी धाब्याची घरे तग धरून आहेत. मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, मध्ये लाकडी खांब. आमच्या ओळखीतल्या अशाच एका घरात वीज खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. नाव छापू नये अशी त्यांची ताकीद आहे, म्हणून नुसते काका. तरुणपणी गणपतीच्या ऑर्केस्ट्रात वायरी जोडण्याचे काम ते करीत. वाजविणाऱ्यांपैकी एकालाच ते न्याहाळीत बसत, आणि तो बेस गिटारवाला. संसार, बदल्या, मुलींची लग्ने यांत तीस-बत्तीस वर्षे गेली. निवृत्तीच्या पैशांतून सौभाग्यवतीच्या पाटल्या आल्या, घराला नवे माळे झाले, आणि उरलेल्या थोडक्या रकमेत बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राची जुनी बेस गिटार घरात आली.

पहिल्या महिन्यात गल्लीची मोठी पंचाईत झाली. आवाज येई, पण गाणे कोणते ते उमगेना. शेवटी पानठेल्यावर एकाने विचारलेच,

“काका, रोज वाजवता तं खरं, पन गानं कोन्तं वाजवून राहिले?”

काका शांतपणे म्हणाले, “गानं तुमी म्हना ना बाप्पा. मी खालून धरून ठेवतो.”

या एका वाक्यात खर्जाचे सगळे शास्त्र आले. ‘नाव काय म्हने या बाजाचं?’ असे शेजारच्या म्हाताऱ्या आत्याबाईंनी विचारले, तेव्हा ‘बेस’ असे उत्तर मिळाले. वऱ्हाडीत ‘बेस’ म्हणजे चांगले, झकास. आत्याबाई म्हणाल्या, “मंग नाव तं बेस आहे!” तेव्हापासून त्या वाद्याला गल्लीत प्रवेश मिळाला.

काकांचे गुरू आहेत बावीस वर्षांचे, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. काका त्यांना ‘सर’ म्हणतात आणि ते काकांना ‘आजोबा’ म्हणतात. या सरांनी पहिल्या दिवशी जी शिकवण दिली ती काका सर्वांना सांगतात: “कमी वाजवा.” नवशिक्याला वाटते, चार तारा आहेत तर चारही वाजल्या पाहिजेत. पण बेसची खुबी स्वर केव्हा सोडावा आणि केव्हा धरून ठेवावा यात आहे. साठ वर्षे घरात, कचेरीत, सभेत बोलत आलेल्या माणसाला मौनाची जागा शोधावयास लावणारा हा रियाझ आहे. काका म्हणतात, त्याचा उपयोग गिटारीपेक्षा जेवणाच्या पंगतीत अधिक झाला. मुलीचा फोन आला की पूर्वी ते सल्ला देत. आता ऐकतात, आणि मधूनच एखादा ‘हं’ योग्य मात्रेवर टाकतात. मुलीचे फोन वाढले आहेत.

काकूंची गोष्ट निराळी. त्यांना अलीकडे कमी ऐकू येते. कुकरची शिटी कळत नाही, दारावरची घंटी कळत नाही. नातवाचा बारीक आवाज फोनवर विरून जातो आणि त्या नुसत्या हसतात. यंत्र बसविले, ते त्यांना मानवले नाही. संध्याकाळी त्या मधल्या घरात खांबाला पाठ टेकून वाती वळीत बसतात. एकदा काकांनी वाजविणे नेहमीपेक्षा आधी आटोपले. आतून काकूंचा आवाज आला, “आज लवकरच थांबले जी?”

काका चमकले. इतके दिवस आपण आपल्यापुरते वाजवितो असा त्यांचा समज होता. ते खांबापर्यंत गेले, हात लावून पाहिला, आणि मग त्यांना उमगले. तेव्हापासून त्यांचा रियाझ पाच मिनिटांनीही चुकलेला नाही.

श्रोत्यांवाचून वाजविणे

श्रोते हवेतच कशाला, असे विचारणारी एक थोर स्त्री आपल्याच राज्यात राहून गेली. अल्लाउद्दीनखाँसाहेबांच्या कन्या अन्नपूर्णादेवी (१९२७–२०१८) सुरबहार वाजवीत. सुरबहार म्हणजे सतारीचे थोरले रूप. दांडी मोठी, तारा जाड, आवाज खोल. जाहीर मैफली त्यांनी तरुणपणीच सोडल्या. पुढे मुंबईच्या घरात बसून त्यांनी निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारखे शिष्य घडविले. त्यांचे स्वतःचे वादन मात्र बाहेरच्या जगाला जवळजवळ ऐकावयास मिळालेच नाही. त्यांच्याच पिढीतले झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांनी रुद्रवीणेचे भोपळे मोठे करून घेतले, तारा जाड केल्या, खर्ज अधिक खोल आणि लांब टिकेल असा केला. आणि पनवेलजवळ पळस्पे येथे गुरुकुल काढून तो पुढच्या पिढीला दिला. दोघांची वाट निराळी, परंतु दोघांनीही खाली उतरण्यात उंची पाहिली. आपण सामान्य माणसे त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, हे खरे. पण टाळ्यांवाचून वाजविता येते आणि त्यात सुख असते, एवढे आपल्यालाही घेण्याजोगे आहे.

जमविण्याचे वेड

वाजविण्याच्या पाठोपाठ जमविण्याचा मोह येतो. काकांकडे आज तीन बेस गिटारी आहेत, आणि काकूंच्या मते त्यांतल्या अडीच जास्त आहेत. पण प्रत्येकीला कारण आहे. पहिली ऑर्केस्ट्राची. दुसरी बिनपडद्याची, तिच्यावर बोट सरकवून मींड घेता येते, पण स्वराची जबाबदारी सर्वस्वी आपली. तिसरी आखूड दांडीची. नेहमीच्या बेसच्या तारेची वाजती लांबी ३४ इंच, हिची सुमारे ३०. बोटांचे सांधे आखडू लागले तेव्हा ही आली. वयाबरोबर चष्म्याचा नंबर बदलावा तशी ही गिटार बदलली.

चष्म्यावरून आठवले. पुण्यात चष्म्याचे दुकान चालविणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमविण्याचे वेड लागले. अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे आणि वाद्येही त्यांनी गावोगाव हिंडून गोळा केली. पत्नी कमलाबाईंनी त्यात त्यांना साथ दिली. त्यांचा राजा नावाचा मुलगा सातव्या वर्षी गेला. त्याचेच नाव त्यांनी संग्रहाला दिले. १९६२ मध्ये संग्रहालय उभे राहिले आणि १९७५ साली वीस हजारांच्या घरातल्या वस्तू त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केल्या. राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या वाद्यांपुढे उभे राहिले म्हणजे कळते की, माणूस वस्तू जमवितो तो पुष्कळदा एखादी रिकामी जागा भरण्यासाठी. आणि ती भरत नाही म्हणूनच तो जमवीत राहतो. त्याही आधी, १८७६ साली, कलकत्त्याचे राजा सौरींद्रमोहन टागोर यांनी सुमारे शंभर भारतीय वाद्ये बेल्जियमच्या राजाला पाठविली. ती ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयात आहेत.

परंतु घरगुती संग्राहकाला संग्रहालयाच्या वाटेने जाता येत नाही, आणि जाऊही नये. काचेआडचे वाद्य आपला आकार सांगते, आवाज सांगत नाही. घरातले वाद्य वाजत राहिले पाहिजे, नाही तर ते नुसते अडगळ होते. आमच्या अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. लाकूड आटते, सरस सुटतो, तंबोऱ्याच्या भोपळ्याला तडे जातात. बेस गिटारीच्या चार तारा मिळून दांडीवर सत्तर किलोच्या आसपास ताण ठेवतात. म्हणून तिच्या पोटात पोलादी सळई घातलेली असते आणि ऋतू बदलला की तिचा पेच थोडा फिरवावा लागतो. तिघींचे हे दुखणेखुपणे काढण्यात काकांचा रविवार जातो. नातवंडे परगावी गेलेल्या घरात कोणाचे तरी दुखणेखुपणे काढावयास मिळणे, हे काही थोडे सुख नव्हे.

या तिघींच्या शेजारी कोपऱ्यात वडिलांच्या वेळचा मिरजेचा तंबोरा उभा असे. भोपळ्याला तडा, दोन खुंट्या गायब. बेस शिकू लागल्यावर काकांना त्याची आठवण झाली, आणि एके दिवशी महाराष्ट्र एक्सप्रेसच्या बाकावर तंबोऱ्याला निजवून आणि स्वतः रात्रभर बसून ते मिरजेला गेले.

मिरजेची हकिगत आपल्याकडे सर्वांनी वाचावी अशी आहे. तेथले शिकलगार मूळचे तलवारींना धार लावणारे. लढायांचा काळ सरला, शस्त्रांचे काम संपत आले, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी वाद्ये दुरुस्त करता करता ती घडविण्यास सुरुवात केली. मंगळवेढे-पंढरपूरकडचा कडू भोपळा वाळवून त्यातून नाद काढण्याची विद्या त्यांच्या घराण्यांनी जपली. पुढे अब्दुल करीमखाँसाहेब मिरजेस राहिले आणि या गावाचे नाव गाण्याबजावण्याशी कायमचे जोडले गेले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. शस्त्राच्या धारेवरून जवारीच्या धारेवर आलेले हे हात. उतारवयात धंदा बदलावयाचा तर तो असा बदलावा!

जवारी म्हणजे घोडीच्या माथ्याला दिलेली ती किंचित वक्र घासण. तार तिच्यावर टेकत-न टेकत थरथरते, मध्ये सुताचा एक धागा सरकवतात, आणि एका स्वरातून सहस्वरांचा झरा फुटतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली या घोडीचा अभ्यास करून दाखविले की, तारांविषयीचे प्रस्थापित नियम ज्या सहस्वरांना परवानगी देत नाहीत तेसुद्धा तंबोऱ्यातून निघतात. घोडी झिजते, म्हणून काही वर्षांनी जवारी पुन्हा काढावी लागते. काकांचा तंबोरा ज्या दिवशी दुरुस्त होऊन घरी आला, त्या दिवशी त्यांनी आधी त्याची खर्जाची तार लावली आणि मग बेस गिटारीची दुसरी तार चौथ्या पडद्यावर दाबून पाहिली. स्वर जुळला. ‘बापाचा आन् माहा आवाज एकच निघाला,’ एवढेच ते म्हणाले.

ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांच्यासाठी

व्यवहाराचे चार शब्द सांगितल्याशिवाय असा लेख पुरा होत नाही. पहिले वाद्य महाग घेऊ नये. परंतु ते जाणकाराकडून लावून घ्यावे. तारा दांडीपासून फार उंच असल्या तर बोटे दुखतात आणि दोष वयाला मिळतो. बेसची सर्वांत जाड तार अडीच मिलिमीटरांहून अधिक जाड असते, तेव्हा पहिले काही आठवडे दिवसाकाठी वीस मिनिटे पुरेत. वाद्य मांडीवर घेऊन बसून वाजवावे. खांद्याचा भार वाचतो. आवाज लहान ठेवावा, कारण खर्ज भिंत ओलांडतो आणि शेजाऱ्यांकडे काकूंसारखे खांब असतीलच असे नाही. गुरू वयाने लहान असला तर संकोच करू नये. विद्येला जन्मतारीख नसते. दुसरे वाद्य पहिले नीट वाजू लागल्यावरच आणावे, आणि तिसरे आणताना घरात आधी सांगावे.

आणि शक्य तितक्या लवकर दुसऱ्याच्या गाण्याला साथ करावी. एकट्याचा खर्ज म्हणजे पाहुण्यांची वाट पाहणारे ओसरीवरचे जाजम. काका आता दर गुरुवारी भजनी मंडळात बसतात. पेटीवाल्याने पहिल्यांदा भुवया उंचावल्या. पण टाळ-मृदंगाच्या खाली जेव्हा तो जाड, सावकाश स्वर पसरला, तेव्हा गाणाऱ्यांचे आवाज आपोआप मोकळे झाले. कोणी काकांची स्तुती केली नाही. ‘आज भजन बेस झालं,’ एवढेच जो तो म्हणत घरी गेला. काकांना यापरते बक्षीस नको होते.

या छंदाला लागून येणारा एक प्रश्न मात्र टाळता येत नाही. आपल्यामागे या वाद्यांचे काय? मुले परगावी, नातवंडे परमुलखात. सदनिकेच्या बैठकीत तंबोऱ्याला कोपरा नाही. कित्येक घरांत एखाद्या रसिकाच्या तेराव्यानंतर त्याची सतार रद्दीवाल्याच्या तागडीत गेली आहे. म्हणून संग्राहकाने मृत्युपत्राची वाट पाहू नये. हात चालतो आहे तोवरच ज्याच्या बोटांत ओढ दिसते अशा पोरासोरांच्या हाती वाद्य द्यावे, मग ते आपल्या रक्ताचे असो वा नसो. काकांची पहिली गिटार हल्ली आठवड्यातले चार दिवस त्यांच्याकडे नसतेच. गल्लीतला दहावीतला एक मुलगा ती घेऊन जातो आणि परत आणून देताना तारा पुसून देतो. येत्या वर्षी तो ती परत आणणार नाही, असे ठरले आहे. हे त्या मुलाला मात्र अजून ठाऊक नाही.

सप्ताहातल्या वीणेकऱ्याचे हेच तर आहे. त्याचा पहारा दोन तासांचा. वीणा त्याच्या आधी कोणाच्या तरी गळ्यात होती आणि नंतर कोणाच्या तरी गळ्यात जाणार आहे. ती आपल्या पाळीत खाली टेकली नाही, एवढे समाधान घेऊन त्याने मंडपाच्या कडेला सतरंजीवर बसावे, आणि दुसऱ्याच्या बोटांतून येणारा तोच स्वर डोळे मिटून ऐकावा.